बाळाचे दुपटे, डांबरगोळी आणि रक्तातील एक विकर

मृगाचा पाऊस सुरू झाला की महाड आणि पोलादपूर येथील घरांना ओल येऊ लागते. सह्याद्रीच्या पायथ्याशी, सावित्रीच्या खोऱ्यात वसलेल्या ह्या भागात वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. भिंतींना बुरशी धरते, धान्याला पोरकिडा लागतो आणि कपाटातील ठेवणीच्या वस्त्रांना कसर लागते. त्यावर पिढ्यान्पिढ्या चालत आलेला स्वस्त उपाय म्हणजे डांबरगोळी. पेटीच्या चार कोपऱ्यांत चार गोळ्या टाकल्या की गृहिणी निश्चिंत होते आणि दुकानदार आपल्या मालाविषयी निर्धास्त होतो.

ह्याच गोळीची वाफ काही नवजात बालकांच्या रक्तपेशी फोडते, ही गोष्ट मात्र आपल्यातील फार थोड्या कुटुंबांना ठाऊक असते. सर्व बालकांना सारखा धोका नसतो. ज्यांच्या रक्तात एका विशिष्ट विकराची, म्हणजेच एन्झाइमची, जन्मतः उणीव असते त्यांना तो मोठा असतो. 'ग्लुकोज-सिक्स-फॉस्फेट डिहायड्रोजिनेज' असे त्या विकराचे लांबलचक नाव असून वैद्यकीय व्यवहारात त्याला 'जी-सिक्स-पीडी' म्हणतात. ही उणीव जगभरात सुमारे चाळीस कोटी लोकांत असावी, असा तज्ज्ञांचा अंदाज आहे. त्यांपैकी बहुसंख्य लोक निरोगी आयुष्य जगतात आणि आपल्यात काही उणे आहे हे त्यांना कळतही नाही. म्हणूनच ह्या विषयाची माहिती प्रत्येक घरात असणे अगत्याचे आहे.

साखरेच्या दोन वाटा

आपण खाल्लेली भाकरी, भात, फळे, गूळ ह्यांतून शेवटी ग्लुकोज ही साधी साखर तयार होते आणि ती रक्तावाटे प्रत्येक पेशीपर्यंत पोहोचते. पेशीत शिरताच तिच्यावर फॉस्फेटचा एक कण चढवला जातो आणि तिचे 'ग्लुकोज-सिक्स-फॉस्फेट' होते. येथून पुढे दोन वाटा फुटतात. मोठ्या वाटेने गेलेल्या साखरेतून पेशीला ऊर्जा मिळते. लहान वाटेने, नेहमीच्या परिस्थितीत साधारणतः दहाव्या हिश्श्याइतकी किंवा त्याहून कमी साखर जाते. ह्या लहान वाटेच्या तोंडाशी जो विकर उभा असतो, तोच आपला जी-सिक्स-पीडी.

व्यापारी वाचकांना त्यांच्याच व्यवहारातील दाखला द्यावयाचा तर मोठी वाट म्हणजे रोजची विक्री आणि लहान वाट म्हणजे राखीव निधीत पडणारी रक्कम होय. ह्या लहान वाटेवर 'एनएडीपीएच' नावाचे द्रव्य तयार होते. ते ग्लुटाथायोन ह्या रक्षक द्रव्याला पुनःपुन्हा कार्यक्षम करते आणि ग्लुटाथायोन पेशीचे विघातक ऑक्सिडीकरणापासून रक्षण करते. शरीरातील इतर पेशींना हे संरक्षक द्रव्य मिळविण्याचे अन्य मार्गही आहेत. तांबड्या रक्तपेशीला मात्र केंद्रक नाही आणि ऊर्जा निर्माण करणारी तंतुकणिकाही नाही. नवा विकर तिला घडविता येत नाही. जन्मतः मिळालेल्या भांडवलावरच तिला सुमारे १२० दिवसांचे आयुष्य काढावे लागते.

भांडवल अपुरे असले तरी बाजार शांत असेतो दुकान चालते. परंतु एखादे औषध, रसायन किंवा तीव्र जंतुसंसर्ग ह्यांमुळे अचानक ताण आला की राखीव निधी संपतो. पेशीतील हिमोग्लोबिन बिघडून त्याच्या गुठळ्या होतात, पेशीचे आवरण कडक होते आणि ती फुटते. अशा असंख्य पेशी एकाच वेळी फुटल्या की रुग्ण फिका पडतो, डोळे पिवळे होतात, धाप लागते आणि लघवी काळ्या चहासारखी गडद होते. ताण देणारे द्रव्य पोटात गेल्यापासून साधारणतः एक ते तीन दिवसांत हा प्रकार घडतो.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. हा विकर साखरेच्या चयापचयाशी संबंधित असला तरी त्याची उणीव म्हणजे मधुमेह नव्हे. साखर, गूळ वा मिठाई वर्ज्य केल्याने ती भरून निघत नाही आणि ती खाल्ल्याने वाढतही नाही.

शिकागो ते कल्याण

ह्या विकराची उणीव उजेडात आली ती हिवतापाच्या औषधामुळे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत इलिनॉय राज्यातील स्टेटव्हिल तुरुंगात कैद्यांवर हिवतापाच्या औषधांचे प्रयोग सुरू झाले. आजच्या नीतिनियमांत ते बसणारे नव्हते. प्रायमाक्वीन हे औषध दिल्यावर काही थोड्या लोकांच्याच रक्तपेशी फुटतात आणि इतरांना काहीच होत नाही, असे तेथे आढळले. १९५६ साली शिकागो येथील कार्सन, आल्व्हिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचे कारण शोधून काढले. अशा लोकांच्या तांबड्या पेशींत जी-सिक्स-पीडी अत्यल्प होता.

त्यानंतर अवघ्या काही वर्षांत मुंबईत बक्षी, बालकृष्णन आणि संघवी ह्या संशोधकांनी आपल्याकडील लोकांच्या रक्ताची तपासणी केली. १९६१ साली मुंबईतील नमुन्यांचा आणि १९६३ साली पारशी समाजाचा त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पुढे परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारातील राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्थेने देशभरातील अनेक जातिजमातींची पाहणी केली. ह्या उणिवेचे प्रमाण काही समूहांत शून्य, तर काहींत २७ टक्क्यांपर्यंत आहे असे दिसून आले. भारतात मुख्यतः तीन प्रकारचे जनुकीय बदल आढळतात. त्यांची नावे 'मेडिटरेनियन', 'ओरिसा' आणि 'केरळ-कल्याण' अशी आहेत.

ह्यांतील तिसरे नाव कोकणच्या वाचकांना जवळचे वाटेल. १९८४ साली मुंबईच्या संशोधकांनी एका कोळी कुटुंबात आढळलेल्या नव्या प्रकाराला 'जी-सिक्स-पीडी कल्याण' असे नाव दिले. १९९२ साली असे सिद्ध झाले की हा प्रकार आणि पूर्वी वर्णन केलेला 'केरळ' हा प्रकार वस्तुतः एकच आहे. दोहोंत विकराच्या साखळीतील ३१७ व्या स्थानी ग्लुटामिक आम्लाच्या जागी लायसीन आलेले असते. प्रथिनाच्या साखळीतील केवळ एक मणी बदलतो आणि विकर अशक्त होतो.

ही उणीव निसर्गाने टिकवून का ठेवली, ह्याचेही उत्तर हिवतापाशीच जाऊन मिळते. जेथे पूर्वापार हिवतापाचे ठाण होते तेथेच तिचे प्रमाण अधिक आहे, हे १९६० च्या सुमारास ॲलिसन, मोतुल्स्की आदी शास्त्रज्ञांनी दाखविले. अशा रक्तपेशींत हिवतापाच्या परजीवीला वाढणे अवघड जाते. म्हणजे एके काळी ज्या बदलाने पूर्वजांना काही अंशी तारले, तोच आज औषधाच्या वा रसायनाच्या संगतीत अडचणीचा ठरतो.

डांबरगोळी आणि बाळंतिणीची खोली

नेहमीची पांढरी डांबरगोळी बहुधा नॅप्थलीनची असते. ती न वितळता हवेत विरते. तोच वास आपल्याला पेटी उघडताच येतो. श्वासावाटे वा कातडीतून शरीरात गेलेल्या नॅप्थलीनपासून यकृतात जी द्रव्ये बनतात ती तांबड्या पेशींवर ऑक्सिडीकरणाचा ताण आणतात. १९६३ साली ग्रीसमधील डॉक्टरांनी २१ नवजात बालकांची हकिगत प्रसिद्ध केली. डांबरगोळ्यांच्या सान्निध्यात ठेवलेल्या कपड्यांमुळे व अंथरुणा-पांघरुणामुळे ह्या बालकांच्या रक्तपेशी फुटून त्यांना तीव्र कावीळ झाली होती. त्यांतील अनेकांत जी-सिक्स-पीडीची उणीव आढळली. काही बालके दगावली आणि काहींच्या मेंदूला इजा झाली.

आता आपल्या घरातील रीत पाहावी. बाळ जन्मले की त्याला नवे कोरे कापड न घालता जुन्या मऊ धोतराचे, लुगड्याचे दुपटे वापरण्याची पद्धत आहे. मऊपणाच्या दृष्टीने ती उत्तम आहे. परंतु ते जुने वस्त्र येते कोठून? वर्षानुवर्षे बंद असलेल्या पेटीतून. थोरल्या भावंडाची झबली, कुंच्या, लोकरीचे मोजेही तेथूनच निघतात. पावसाळ्यात ऊन नसल्याने ती वस्त्रे नीट धुतली-वाळविली जात नाहीत. त्यातच बाळाला रोज तेल चोळले जाते. नॅप्थलीन तेलात सहज विरघळत असल्याने तेलकट कातडीतून ते अधिक शोषले जाते. खोलीची दारे-खिडक्या वारा लागू नये म्हणून बंद असतात. अशा रीतीने प्रेमापोटी केलेल्या चार गोष्टी एकत्र येऊन बाळाला त्रास देऊ शकतात.

बँकेच्या सेवेत असताना कॅश क्रेडिट खात्यांच्या मालाची पाहणी करण्यासाठी मी अनेक कापड दुकानांच्या गोदामांत जात असे. गोदामाचे दार उघडताच डांबरगोळीचा उग्र वास नाकात शिरे. त्या काळी तो मला मालाची निगा राखल्याचा पुरावा वाटे. त्याच मांडण्यांवर झबली-टोपडी आणि बाळंतविडेही रचलेले असत. आज हा विषय वाचल्यावर वाटते की आपल्या व्यापारी बांधवांनी एवढे तरी अवश्य करावे : तान्ह्या मुलांच्या कपड्यांचा साठा वेगळा, कोरड्या जागी आणि डांबरगोळीविना ठेवावा. किराणा दुकानातून डांबरगोळ्या देताना गिऱ्हाइकाच्या घरी तान्हे मूल असल्याचे ठाऊक असेल तर दोन शब्द सांगावेत. ह्याला कसलाही खर्च येत नाही.

घरी कसरीवर उपाय म्हणून वस्त्रे कडक उन्हात वाळवून, पूर्ण कोरडी करून ठेवावीत आणि घड्यांत कडुनिंबाची सुकलेली पाने घालावीत. कापूर हा डांबरगोळीला सुरक्षित पर्याय समजून बाळाच्या कपड्यांत ठेवू नये, कारण तान्ह्यांना तोही घातक ठरू शकतो. बाळासाठी लागणारी जुनी वस्त्रे प्रसूतीच्या कित्येक दिवस आधी, पावसाळ्यापूर्वीच काढून, गरम पाण्याने धुऊन उन्हात टाकावीत. वास राहिला तर ती वापरूच नयेत. चिमुकल्या हातांना लागेल अशा जागी डांबरगोळी ठेवू नये. ती दिसते मिठाईसारखी आणि रांगते मूल ती सरळ तोंडात घालते.

पिवळेपणा केव्हा गंभीर

बहुतेक नवजात बालकांना दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी थोडी कावीळ दिसते आणि दोन आठवड्यांच्या आत ती ओसरते. परंतु पहिल्या चोवीस तासांतच दिसणारी, झपाट्याने वाढणारी किंवा तळहात-तळपायांपर्यंत पोहोचणारी कावीळ साधी समजू नये. बाळ सुस्त पडणे, अंगावर पिण्यास नकार देणे, किरट्या आवाजात रडणे, पाठ कमानीसारखी ताणणे ही धोक्याची लक्षणे आहेत. रक्तपेशी फुटून निघणारे बिलिरुबिन फार वाढले तर ते मेंदूत शिरते. त्यातून बहिरेपणा व हातापायांचे कायमचे अपंगत्व येऊ शकते. वेळेवर निळ्या प्रकाशाखाली ठेवल्यास किंवा गरज पडल्यास रक्त बदलल्यास हे टळते.

अशा वेळी काविळीची माळ बांधणे, नाका-कानात झाडपाल्याचा रस घालणे, घुटी किंवा साखरपाणी पाजणे ह्यांत मोलाचे तास जातात. कोवळे ऊन दाखविणे हाही वाढलेल्या काविळीवरचा उपचार नव्हे. आईचे दूध मात्र वारंवार पाजत राहावे.

आपल्या भागात वेळेचे महत्त्व अधिकच आहे. महाडहून मुंबई सुमारे पावणेदोनशे किलोमीटर दूर आहे. पुण्याकडे जाणारा वरंध घाट आणि पोलादपूरहून महाबळेश्वरकडे चढणारा आंबेनळी घाट पावसाळ्यात दरडींमुळे बंद पडतात. २२ जुलै २०२१ च्या महापुरात महाड शहर पाण्याखाली होते. त्याच दिवशी तळिये गावावर दरड कोसळली आणि पोलादपूर तालुक्यातही दरडींनी बळी घेतले. अशा रात्री एखाद्या बाळाला मोठ्या रुग्णालयात नेणे कोणाच्याही हाती नसते. धोका आधीच ठाऊक असलेले कुटुंब मात्र प्रसूतीपूर्वीच योग्य ठिकाणी मुक्कामाची सोय करू शकते.

औषधे, द्विदल धान्ये आणि एक रक्तचाचणी

व्हायवॅक्स प्रकारच्या हिवतापात यकृतात दडून बसलेले परजीवी नष्ट करण्यासाठी आजही चौदा दिवस प्रायमाक्वीन दिले जाते. ते उपयुक्त औषध आहे. परंतु जी-सिक्स-पीडीची उणीव असलेल्यांना ते अपाय करू शकते. गरोदर स्त्रियांना व तान्ह्या मुलांनाही ते देत नाहीत. गोळ्या सुरू असताना लघवी गडद झाली तर त्या थांबवून तत्काळ डॉक्टरांकडे जावे. कुष्ठरोगावरील व काही त्वचाविकारांवरील डॅप्सोन तसेच मूत्रमार्गाच्या संसर्गावरील नायट्रोफ्युरँटॉइन ह्या औषधांबाबतही हीच दक्षता घ्यावी लागते. म्हणून उणीव आढळलेल्या व्यक्तीने कोणतेही औषध घेण्यापूर्वी ती डॉक्टरांना आणि औषध विक्रेत्यालाही सांगावी. घरात उरलेल्या गोळ्यांतून मनाने औषध घेणे तर सर्वथा वर्ज्य समजावे.

आहाराविषयी मोबाइलवर फिरणाऱ्या याद्यांनी मोठा गोंधळ माजवला आहे. 'शेंगा व द्विदल पूर्ण बंद' असे त्यांत सांगितलेले असते. आपल्या घरांत तिथी-पर्वाच्या दिवसांत हिरव्या भाज्या टाळून कडधान्यांवरच स्वयंपाक चालतो. तेव्हा हा प्रश्न गृहिणींना साहजिकच पडतो. वस्तुस्थिती अशी की, वैद्यकशास्त्रातील इशारा मुख्यतः बाकला ह्या शेंगेविषयी आहे. भूमध्य समुद्राच्या परिसरात ती फार खाल्ली जाते. तिच्यातील विसीन आणि कॉन्विसीन ही द्रव्ये रक्तपेशींना बाधतात. रायगडचे प्रसिद्ध वाल, पावटा, मूग, मटकी, हरभरा, तूर ही त्याहून निराळी पिके आहेत. इंग्रजी नावांच्या सारखेपणामुळे वालाला बाकला समजण्याची चूक होते. खारवलेल्या बाकल्याची पाकिटे हल्ली बाजारात मिळतात. ती मात्र अशा व्यक्तीने टाळावीत.

मधुमेही वाचकांसाठी आणखी एक गोष्ट. गेल्या तीन महिन्यांतील साखरेची सरासरी सांगणारी 'एचबीएवनसी' ही चाचणी तांबड्या पेशींच्या आयुष्यावर अवलंबून असते. पेशी लवकर नष्ट होत असतील तर हा आकडा प्रत्यक्षापेक्षा कमी येतो आणि साखर आटोक्यात असल्याचा भास होतो. बोटाची साखर सतत जास्त आणि हा आकडा मात्र उत्तम, असे दिसल्यास डॉक्टरांना त्याचे कारण विचारावे.

जी-सिक्स-पीडीची तपासणी रक्ताच्या काही थेंबांवर होते. ज्या समूहांत पुरुषांमधील प्रमाण तीन ते पाच टक्के वा अधिक आहे तेथे सर्व नवजातांची तपासणी करावी, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. शेजारच्या गोवा राज्याने २००८ साली नवजात तपासणीचा कार्यक्रम सुरू केला. आपल्याकडे प्रसूतीपूर्वीच रुग्णालयात ह्या चाचणीची विचारणा करून ठेवणे बरे. एक सूचना ध्यानात असावी : पेशी फुटण्याचा प्रसंग नुकताच घडून गेला असेल तर चाचणी चुकीने निर्दोष येऊ शकते, कारण अशक्त जुन्या पेशी नष्ट झालेल्या असतात आणि नव्या पेशींत विकर अधिक असतो. म्हणून सुमारे तीन महिन्यांनी ती पुन्हा करावी.

दोष कोणाचा?

ह्या विकराचे जनुक एक्स गुणसूत्रावर असते. मुलाला एकच एक्स गुणसूत्र मिळते आणि ते आईकडून मिळते. त्यामुळे ही उणीव मुलांत अधिक दिसते. आई वाहक असेल तर प्रत्येक मुलाला ती मिळण्याची शक्यता निम्मी असते. पित्यात उणीव असेल तर त्याच्या सर्व मुली वाहक होतात, मुलगे मात्र मुक्त राहतात. वाहक स्त्रियांच्या काही पेशी सशक्त आणि काही अशक्त असतात. म्हणून काही मुलींनाही त्रास होऊ शकतो.

ही माहिती कळल्यावर काही घरांत 'सुनेच्या माहेरचा दोष' अशी भाषा सुरू होते. तिला शास्त्राचा आधार नाही आणि ती न्याय्यही नाही. त्या मातेला हे जनुक तिच्या पित्याकडून किंवा मातेकडून, त्यांना त्यांच्या पूर्वजांकडून आले. त्यात कोणाचे कर्तृत्व नाही आणि अपराधही नाही. विवाह जुळविताना ही बाब अडसर मानण्याचेही कारण नाही, कारण काळजी घेतल्यास अशी व्यक्ती सर्वसामान्य आयुष्य जगते. ती लपविल्याने मात्र खरा अपाय होतो. आजोळी मामाला एखाद्या औषधाने कावीळ झाली होती किंवा मावशीचे बाळ जन्मतः फार पिवळे झाले होते, ही हकिगत प्रसूतीपूर्वी डॉक्टरांच्या कानावर घातली तर त्यांना अर्धे निदान आधीच मिळते.

आपल्या घराण्यांत मालमत्तेची, देण्याघेण्याची नोंद पिढ्यान्पिढ्या काटेकोर ठेवली जाते. त्याच वहीत एक पान कुटुंबाच्या आरोग्याचे असावे. कोणाला कोणत्या औषधाची बाधा झाली, कोणाची कोणती तपासणी काय निघाली आणि ती कोणत्या साली केली, एवढ्याच ओळी पुरेत. उणीव आढळलेल्या मुलाच्या लसीकरणाच्या कार्डावर ठळक अक्षरांत 'जी-सिक्स-पीडी कमी' असे लिहून घ्यावे आणि मूल शिक्षणासाठी परगावी निघाले की त्या नोंदीची एक प्रत त्याच्यासोबत द्यावी. बाळाची दुपटी मात्र येत्या वैशाखातच पेटीबाहेर काढून उन्हात टाकावीत.